पडद्यावरचा पाळणा



घरभेटींना आम्ही सायंकाळी निघतो, कारण दिवसा माणसे शेतात किंवा कामावर असतात. आणि सायंकाळी बहुतेक घरांत टीव्ही चालू असतो. फादर आले म्हणून आवाज कमी केला जातो, चित्र मात्र चालू राहते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. रात्री आठची जपमाळ आपण सातला का घेऊ लागलो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तो निर्णय आमचाच होता.

पुढे सांगतो ती हकिकत भोकरची नाही. आम्ही पूर्वी ज्या एका धर्मग्रामात होतो तिथली आहे, आणि जिची आहे तिने नाव न घेता ती सांगायला परवानगी दिली आहे. तेव्हा ही कोण असेल, याचा अंदाज मिस्सानंतर बाहेर उभे राहून बांधू नये.

एका घरी आम्ही बसलो होतो. घरातल्या आजी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा की ओ फादर, हिला आता लेकरू व्हायलंय. डॉक्टरनं सांगितलं होतं, कधीच होणार न्हाई म्हणून. देवाच्या मनात आलं की सगळं होतंय." आजींचा आनंद खरा होता. त्यांची सून चहा घेऊन आली होती. तिच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तिने कप खाली ठेवले, पदर सावरला आणि आत गेली. आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. आजी वाईट बाई नव्हत्या. सुनेला टोमणा मारावा असे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांनी फक्त मालिका पाहिली होती.

मग चूक कोणाची? की चूक झालीच नाही? मालिका ही बनावट गोष्ट असते हे आजींनाही ठाऊक होते. बनावट गोष्टीने कोणाचे काय बिघडते, असे पुष्कळजण म्हणतात, आणि तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे काव्यावरचे विवेचन आम्हांला अभ्यासाला होते. गोष्ट सांगणाऱ्याने घडलेलेच सांगावे असे नाही, पण घडू शकेल असे सांगावे, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. म्हणजे गाव खोटे चालेल, नावे खोटी चालतील. माणसाचे मन आणि जगाची रीत मात्र खोटी चालणार नाही. मूल नसलेल्या जोडप्यांच्या बाबतीत आपल्या मालिका बरोबर याच्या उलट वागतात. साड्या, दागिने, देव्हारा, ओट्यावरची भांडी, सगळे अगदी खऱ्यासारखे. दुःख तेवढे बनावट.

स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ ते २०२३ या काळात 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. सावळ्या रंगावरून मुलींचा जो अपमान होतो त्याबद्दल ती काही चांगले सांगू पाहत होती, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्या कथेचा मोठा भाग एका समजावर उभा होता. नायक कार्तिक आपण बाप होऊ शकत नाही असे धरून चालतो, आणि बायको दीपाला दिवस जातात तेव्हा तिच्या चारित्र्यावर संशय घेतो. मुली जन्मल्या, शाळेत जाऊ लागल्या, तरी संशय उभाच. आणि हा कार्तिक कोण? डॉक्टर.

खऱ्या जगात पुरुषाची पहिली तपासणी ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. शहाणा डॉक्टर एकाच अहवालावर कोणाला कायमचा शिक्का मारत नाही. शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला तरी आकडे घसरतात. म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीला. हे आज गुपित राहिलेले नाही. पण मालिकेत पुरुषाचा दोष आलाच, तर तो बायकोवर संशय घेण्यापुरता येतो. आमच्याकडे बोलायला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही आधी एवढेच विचारतो की दोघांचीही तपासणी झाली आहे का. पुष्कळदा बायको खाली पाहते आणि नवरा खिडकीबाहेर पाहतो. तिने चार-पाच वर्षे गोळ्या, सुया, नवस, सगळे केलेले असते. त्याचे अजून एकदाही काही झालेले नसते.

'प्रेमाची गोष्ट' ही २०२३ मध्ये सुरू झालेली मालिका त्यामानाने बरी म्हणावी लागेल. तिच्यातली मुक्ता दातांची डॉक्टर आहे, तिला मूल होऊ शकत नाही, आणि शेजारच्या सागर कोळीच्या लहान मुलीवर, सईवर, तिचा जीव जडतो. ही कथा 'ये है मोहब्बतें' या हिंदी मालिकेवरून घेतलेली आहे. पोटी न जन्मलेल्या लेकरावरही आईची माया असू शकते, हे इतक्या घरांतून रोज रात्री दिसले, ही छोटी गोष्ट नाही. आमची हरकत एकच आहे. मुक्ता शिकलेली आहे, कमावती आहे, चार माणसांच्या उपयोगी पडते. तरी कथेच्या हिशेबात ती 'अपुरी' असते ती सई मिळेपर्यंत. तिला मूल मिळालेच नसते, तर? त्या मुक्ताची मालिका कोणी काढील असे आम्हांला वाटत नाही.

(मुक्ताचे काम आधी करणाऱ्या तेजश्री प्रधान यांनीच पूर्वी 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये जान्हवी केली होती. त्या जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की त्यावरचे विनोद सगळ्या महाराष्ट्रभर फिरले. मालिकेत एकतर लेकरू चमत्काराने येते, नाहीतर येता येत नाही.)

उपचारांचे चित्रण तर याहून वरवरचे. आपल्या देशात नळीतल्या बाळाची पहिली हकिकत कोलकात्याची. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक मुलगी जन्मली. इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांची हेटाळणी झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली, आणि कागदोपत्री नोंद असलेले देशातले पहिले बाळ म्हणून ती ओळखली गेली. पुढे याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असे १९९७ मध्ये स्वतःहून जाहीर केले. दुसऱ्याचा मान परत करणारी अशी माणसे थोडी. पण पडद्याबद्दल बोलायचे तर, मुखोपाध्यायांच्या आयुष्यावरून १९९० मध्ये 'एक डॉक्टर की मौत' हा उत्तम हिंदी चित्रपट निघाला, आणि त्यातला डॉक्टर शोध लावतो तो कुष्ठरोगावरच्या लसीचा. मूल न होण्याचा विषय त्या चित्रपटातूनही बाजूला राहिला.

आता तो विषय बाजूला नाही; उलट फार सोपा झाला आहे. मालिकेतली बाई दवाखान्यात जाते, पाठीमागे गाणे वाजते, डॉक्टर हसत बाहेर येतात. खरे काय असते ते ज्यांनी सोसले आहे त्यांना विचारावे. दहा-बारा दिवस रोज सुया. मग भूल देऊन बीज काढणे. प्रयोगशाळेतले चार-पाच दिवस. मग गर्भ आत सोडणे, आणि त्यानंतर दोन आठवडे नुसती वाट. त्या दोन आठवड्यांत बाई जिना चढतानाही भिते. आणि पस्तिशीच्या आतल्या बाईलाही साधारण तीन खेपांपैकी एकदाच यश येते. चाळिशीनंतर तर फारच क्वचित. एकेका खेपेला लाखाच्या पुढे खर्च. भोकरहून नांदेडला पहाटेच्या गाडीने जायचे, शेजाऱ्यांना दुसरेच काही कारण सांगायचे, आणि सोयाबीनचे पैसे आले की पुढची खेप. मालिकेत हे पैसे कुठून येतात हे कोणी विचारत नाही, कारण तिथे सगळेच बंगल्यात राहतात. एक साधी गोष्टही तिथे कधी ऐकू येत नाही: क्षयरोगाने बीजनलिका बंद होणे हे आपल्या देशात मूल न होण्याचे एक मोठे कारण आहे, आणि क्षयरोग लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे आडपडदा न ठेवता सांगायला हवी. १९८७ च्या रोमच्या दस्तऐवजापासून ती स्पष्ट आहे. नलिका उघडण्याची शस्त्रक्रिया, संप्रेरकांची औषधे, पतीपत्नीच्या मीलनाला मदत करणारा कोणताही उपचार घ्यावा, त्यात कसलाही संकोच नको. पण गर्भधारणा प्रयोगशाळेत होणे, परक्याचे बीज घेणे, दुसऱ्या स्त्रीचे गर्भाशय वापरणे, हे ख्रिस्तसभा मान्य करत नाही. ही शिकवण कठीण आहे. ज्याच्या घरात पाळणा नाही त्याला ती अधिकच कठीण वाटते, आणि फादरांना बोलायला काय जाते, असे कोणी म्हटले तर आम्हांला राग येणार नाही. तिच्यामागचा प्रश्न मात्र पडद्यावर कधीच विचारला जात नाही: चार-सहा गर्भ तयार झाले, त्यांतला एक किंवा दोन आत सोडले, बाकीच्यांचे काय? आणि त्याचबरोबर हेही ऐकून ठेवावे, की अशा उपचाराने जन्मलेले लेकरू कोणत्याही अर्थाने कमी नाही. त्याचा स्नानसंस्कार इतरांसारखाच, त्याच कुंडावर, त्याच आनंदाने होतो. ज्या जोडप्यांनी तो मार्ग घेतला त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयाचा विषय मराठी चित्रपटाने गांभीर्याने घेतला. समृद्धी पोरे या मूळच्या वकील. त्यांचा 'मला आई व्हायचंय!' हा चित्रपट २०११ मध्ये आला, त्याला सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यावरूनच पुढे २०२१ मध्ये हिंदीत 'मिमी' निघाला. गरीब मुलगी परदेशी जोडप्यासाठी मूल वाढवते, आणि ते जोडपे अर्ध्यावर पाठ फिरवते. इथे निदान कॅमेरा जिच्या पोटात मूल आहे तिच्याकडे वळला. बाकीच्या कथांमध्ये ती बाई एकतर लोभी असते किंवा देवी असते, आणि काम झाले की कथेतून जाते. २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन दुसऱ्यासाठी मूल वाढवणे आता बंद आहे. पोपमहोदय फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२४ मध्ये ही प्रथा साऱ्या जगात बंद व्हावी असे म्हटले होते. पण हा प्रश्न आजचा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात सारायने आपली मिसरी दासी हागार अब्रामाला दिली, ती मूल व्हावे म्हणूनच. हागारला कोणी विचारले नव्हते. दिवस गेल्यावर छळ झाला तेव्हा ती रानात पळाली, आणि तिथे, झऱ्यापाशी, तिने देवाला नाव दिले: पाहणारा देव. घरातले सगळे तिच्या पोटाकडे पाहत होते. तिच्याकडे पाहणारा तो एकटाच निघाला.

हागार फार दूरची नाही. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत काम बुडले तर मजुरी बुडते, उचल फिटत नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. आमच्या मनात हे दोन्ही चित्र शेजारी शेजारी येतात. एकीकडे गर्भाशय चालत नाही म्हणून रडणारी पडद्यावरची सून. दुसरीकडे ते चालते म्हणून अडचणीत आलेली फडावरची बाई. या दुसरीवर मालिका निघालेली आमच्या पाहण्यात नाही.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. खरे तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला. त्या घरभेटीनंतर काही महिन्यांनी पवित्र कुटुंबाच्या सणाला हन्नाचे वाचन आले. आम्ही जोशात प्रवचन केले. हन्नाने मंदिरात रडून प्रार्थना केली, देवाने ऐकले, शमुवेल झाला. सारेचेही ऐकले, राहेलचेही ऐकले, म्हातारपणी एलिझाबेथचेही ऐकले. तेव्हा आशा सोडू नका. मिस्सानंतर ती सून संस्कारसामग्रीच्या खोलीच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "फादर, शास्त्रातल्या सगळ्यांनाच शेवटी लेकरू होतं. टीव्हीतल्या सगळ्यांनाच होतं. माझ्यासारखी एकबी न्हाई का ओ?"

आम्ही काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, इतके ते निरुपयोगी असावे. आजींची मालिका आणि आमचे प्रवचन यांचा शेवट एकच होता, हे तिने आम्हांला दाखवले होते. शेवटच्या भागात पाळणा हलतो. ज्याच्या घरी हलत नाही त्याची प्रार्थना कमी पडली असणार, हे न बोलता बोलले जाते.

त्यानंतर आम्ही तो अध्याय पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. हन्नाचा नवरा एलकाना तिला विचारतो, की मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का. माणूस प्रेमळ आहे, पण तिचे दुःख त्याला कळलेले नाही. पुष्कळ चांगल्या नवऱ्यांचे हे असेच असते. धर्मगुरू एली तिला प्रार्थना करताना पाहतो आणि दारू प्यालेली समजतो. (धर्मगुरूंनी हे वाक्य वर्षातून एकदा तरी वाचावे.) आणि मग आम्ही इतकी वर्षे ज्यावरून पुढे गेलो होतो ते वाक्य आले. प्रार्थना करून हन्ना उठली, गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. अजून ती रामाला परतलीही नव्हती. ती जेवली ती लेकरू मिळाले म्हणून नाही. तिचे ऐकले गेले होते.

आणि तिच्यासारखेही शास्त्रात आहेत. यशयाच्या ५६ व्या अध्यायात, ज्यांना मूल होणे शक्यच नाही अशा षंढांना देव आपल्या घरात मुलामुलींहून श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन देतो. ज्यांना नियमशास्त्राने मंडळीत येऊ दिले नव्हते त्यांना. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा असाच एक अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत असतो. फिलिप त्याला भेटला तेव्हा तो ज्या अध्यायापाशी होता तिथून हे वचन अवघे तीन अध्याय पुढे आहे. रस्त्यात पाणी दिसले, त्याने स्नानसंस्कार मागितला, आणि पुढची वाट तो आनंदाने गेला. लेकरू नाही, वंश नाही. गोष्ट तिथे पुरी होते.

हे तिला सांगायला आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग हन्नानं काय खाल्लं असंल ओ त्या दिवशी?" आम्ही म्हटले, ते लिहिलेले नाही. ती पहिल्यांदाच हसली.

दत्तकाविषयी थोडे, कारण आपल्या लोकांत याची माहिती कमी आहे. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक होता येई. लेकरू अठरा वर्षांचे झाले की ते नातेही कायद्याने संपे, आणि वारसाचा हक्कही नसे. बाल न्याय कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाल्यावर हे दार आपल्यासाठी उघडले; सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते सर्वच धर्मीयांसाठी स्पष्ट केले. आता अर्ज शासनाच्या दत्तक प्राधिकरणाकडे संगणकावरून करायचा असतो, आणि २०२२ पासून शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात. वाट पाहावी लागते, वर्षानुवर्षेही. मालिकेत देवळाच्या पायरीवर तान्हे सापडते आणि नायिका त्याला उराशी धरून घरी नेते. खऱ्या आयुष्यात असे लेकरू सापडले तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवावे लागते. गुपचूप घरी ठेवणे हा गुन्हा आहे. ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी संकोच न करता यावे, कागदपत्रांना आम्ही मदत करू. ज्यांना करायचा नसेल त्यांना 'मग दत्तक का घेत नाही' असे कोणी विचारू नये. प्रत्येकाला ते जमतेच असे नाही.

शेवटी एक सूचना. दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मातृदिनानिमित्त आम्ही मिस्साच्या अखेरीस सर्व मातांना उभे राहायला सांगतो आणि धर्मशिक्षणाची मुले त्यांना गुलाब देतात. त्या वेळी काही भगिनी बसून राहतात, आणि आम्ही वेदीवरून ते पाहत आलो आहोत. यंदा कोणालाही उभे राहायला सांगितले जाणार नाही. महिला मंडळाशी बोलणे झाले आहे. मिस्साला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला दाराशीच फूल मिळेल. आजींना, सिस्टरांना, अविवाहित मुलींना, सर्वांना. फुले त्यामुळे दुपटीने लागतील आणि ती नांदेडहून आणावी लागतात. आदल्या शनिवारी कोणी नांदेडला जाणार असल्यास कृपया आम्हांला कळवावे.